आडी संपू दे, मग घेऊ

अहो, तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही आणि मला तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. माणसं येतात, "किती शांत होते हो तुमचे राव" म्हणतात, कॉफी पितात आणि जातात. मी मान हलवते. शांत माणसाशी जन्मभर संसार करणं म्हणजे काय, हे त्यांना काय ठाऊक? एकदा तरी तुम्ही आवाज चढवायचा होतात. एकदा तरी ताट बाजूला सारून म्हणायचं होतंत, की पुरे झालं, उद्या मी जागा घेणार, तुझी पंचांगं घाल चुलीत. म्हणाला असतात तर मी दोन दिवस अबोला धरला असता, तिसऱ्या दिवशी बांधाबांध करायला लागले असते. आज इथे बसून स्वतःचीच लाज काढायची वेळ आली नसती. बघा, अजूनही दोष तुमच्याच माथी मारतेय. खोड जात नाही.

मला तुम्हाला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. पण ते एकदम तोंडातून निघत नाही, म्हणून आधी इकडचं तिकडचं बोलते.

तिरुवल्लिकेणीतलं हे आपलं मागचं पोर्शन. दोन खोल्या, स्वयंपाकाचा कोपरा आणि न्हाणी. पुढच्या भागात घरवाल्या पंकजम मामी. तंजावर सोडून मद्रासेत आलो तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "वर्षभर इथे काढू, मग आपलं बघू." वत्सू इथेच जन्मली, इथूनच लग्न होऊन बंगळूरला गेली, तरी आपलं वर्ष काही संपलं नाही. पहाटे नळाला पाणी यायचं ते आधी मामींच्या हंड्यांत, मग आपल्या. तेवढ्यासाठी तुम्ही उठायचात. मला एकदाही उठू दिलं नाहीत. थंडीच्या दिवसांत कानाला मफलर गुंडाळून, मद्रासेत कसली थंडी, तरी गुंडाळून, हंड्याशी बसून राहायचात. मी अंथरुणातून ऐकायची: पाण्याची बारीक धार, मधूनच तुमचं खोकणं. आणि परत झोपी जायची. तुमच्यासारखं करणारा नवरा या गल्लीत दुसरा नव्हता, हे मी कधी तोंडानं म्हटलं नाही. आता म्हणते.

भिंतीला खिळा मारायचा नाही, हा मामींचा पहिला नियम. म्हणून तुमच्या वडिलांचा फोटो कायम ट्रंकेवर, भिंतीला टेकून उभा. मागे झुरळ शिरलं की तो तोंडावर पडायचा. तुम्ही उचलून धोतराच्या सोग्यानं पुसायचात आणि पुन्हा उभा करायचात. कुरकूर नाही की काही नाही. फक्त एकदा म्हणालात, "बाबांना एका खिळ्यापुरती तरी स्वतःची भिंत पाहिजे गं." मी हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते मला आज सांगता येणार नाही.

तुमच्या मनात जागेचं खूळ घातलं ते तुमच्या ऑफिसातल्या सुंदरमनं. कारकुनी सोडून तो माणूस सगळ्या जगाची खबर ठेवायचा. कुठल्या शेताचे तुकडे पडतायत, कुठे रस्ता येणार, कोण विकायला निघालाय. इथे जागा गजांत मोजत नाहीत, ग्राउंड म्हणतात. एका ग्राउंडात बेताचं घर, एक विहीर आणि चार नारळ आरामात बसतात. हे मला तुम्हीच शिकवलंत, मरीनाच्या वाळूत बोटानं चौकोन काढून. मी सुंडलचा पुडा हातात धरून चणे खात होते. तुम्ही म्हणालात, "एवढीशी जागा, पण तिथून आपल्याला कोणी ऊठ म्हणणार नाही." मी म्हणाले, "मग अंगाला वाळू लागेल म्हणून उठा आता." तुम्ही उठलात.

त्या रविवारी तुम्ही मला नंगनल्लूरला नेलंत. पळवंतांगलला गाडीतून उतरलो, पुढे बांधावरून चालत गेलो. सुंदरम पुढे, तुम्ही छत्री घेऊन मधे, आणि मी मागे, साडीला कुसळं लागतात म्हणून तोंड फिरवून. नुसती ताडाची झाडं. लांब कुठेतरी एक गाय.

"मन्नी," सुंदरम मला म्हणाला, तो मला वहिनी म्हणून मन्नीच म्हणायचा, "आज हे रान दिसतंय. चार वर्षांनी याल तेव्हा माझ्या घराचा पत्ता लोकांना विचारावा लागेल."

"आज तरी कोणाला विचारणार?" मी म्हणाले. "माणूस कुठे आहे इथे?"

तो हसला. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही त्या मोकळ्या जमिनीत उभे राहून छत्रीच्या टोकानं रेघा मारत होतात. "हे बघ, हे स्वयंपाकघर. पूर्वेला. इथे तुळस. आणि इथे पुढे तिण्णै." दारापुढचा बसायचा कट्टा तुम्हाला फार आवडायचा. तंजावरच्या घराला होता तसा. "संध्याकाळी इथे बसायचं, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायचं," म्हणालात. मी म्हणाले, "कोणाशी? त्या गाईशी?" मग तुम्ही मला बाजूच्या विहिरीवर नेलंत, रहाटानं पाणी काढलंत आणि माझ्या ओंजळीत ओतलंत. "खारं आहे का सांग." मी प्यायले. अहो, ते पाणी गोड होतं. तिरुवल्लिकेणीत इतक्या वर्षांत इतकं गोड पाणी मी प्यायले नव्हते. मी म्हणाले, "बरं आहे." आणि लगेच म्हणाले, "पण आत्ता इथल्यांचा आडी महिना चाललाय. आडीत कोणी जमीन घेतं का? आडी संपू दे, मग घेऊ."

तिथून सुरू झालं.

आपल्यासारख्या तंजावरच्या मराठी माणसांची एक अजब गोष्ट आहे. माहेरी पुण्याचं पंचांग पोस्टानं यायचं, तसंच मी इथेही मागवलं. आणि शेजारपाजारी राहायचं, वाध्यारांना, म्हणजे इथल्या भटजींना, बोलवायचं, तर इथलंही पंचांग फळीवर हवंच. दोन्ही पाळायची. बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण आपल्या प्रत्येक घरात हाच प्रकार. इथल्यांची आडी अशुभ, तर आपला श्रावण त्यात येतो तो पवित्र; तरी पण आडी म्हणून नको. मग आपला पितृपक्ष, नको. मग त्यांची मार्गळी, ती देवाची, घराची नाही. मग त्यांचा तै महिना येतो, तो इथे सगळ्यांत चांगला, सगळी मद्रास त्यात घरं घेते आणि लग्नं करते. पण आपला पौष त्यात पाय पसरून बसलेला. पौष सरला की वत्सूची परीक्षा. मधेच अधिक महिना उपटला की मला कोण आनंद.

तुम्ही एकदा दोन्ही पंचांगं मांडीवर घेऊन बसलात आणि म्हणालात, "अगं, तुझ्या हिशेबानं वर्षात जे काय आठ-पंधरा दिवस उरतात, त्यात तुझी आई येते राहायला." मला खूप हसू आलं. तुम्हालाही. तेव्हा आपण हसत होतो, हे लक्षात ठेवते मी. नाहीतर वाटेल की सगळी वर्षं मी तुम्हाला छळलंच.

खरं सांगू का? पंचांग नुसतं नावाला होतं. मला पंचांगात जे हवं ते सापडायचं. मला इथून हलायचं नव्हतं. सकाळी पार्थसारथीच्या देवळाची घंटा, भाजीवाली दारात, मंगळागौरीला बोलवायला चार घरं, संध्याकाळी समुद्राचा वारा. पंकजम मामींशी माझं भांडण आणि पंकजम मामींशीच माझं गुळपीठ. तिकडे त्या ताडांत मी कोणाशी बोलणार होते? साप निघाला तर तुम्ही ऑफिसात. पण हे तुम्हाला सांगायला मला कमीपणा वाटायचा. बाईमाणसानं नवऱ्याला "मला भीती वाटते" म्हणावं, तर त्यात काय बिघडलं असतं? तुम्ही समजून घेतलं असतंत. समजून घ्याल म्हणूनच सांगितलं नाही. पंचांगाला कसं, उलट बोलता येत नाही.

सुंदरमनं त्या आडी महिन्यातच जागा घेतली. "भाव कमी असतो, गिऱ्हाईक नसतं," म्हणाला. मी तुम्हाला म्हटलं, "बघा, भोगेल." तो काही भोगला नाही. त्याला मुलगा झाला, प्रमोशन मिळालं, आणि नारळ लागले.

भाव वाढत गेले तसे ते मी माझ्या अंगावरच्या दागिन्यांत मोजायची. तुम्ही कधी माझ्याकडे सोनं मागितलं नाहीत. ऑफिसच्या सोसायटीतून कर्ज मिळेल, म्हणायचात. पण मी मनातल्या मनात मोजायची. पहिल्या रविवारी त्या ग्राउंडाला माझ्या बांगड्या पुरल्या असत्या. दोन दिवाळ्या गेल्या तेव्हा बांगड्या आणि पाटल्या मिळून झाल्या असत्या. पुढे कानातल्या हिऱ्याच्या कुड्या घातल्या तरी भागलं नसतं. आणि प्रत्येक वेळी मला आतून हायसं वाटायचं. आता तर शक्यच नाही, म्हणजे विषय संपला. तुमचा चेहरा उतरलेला असायचा आणि मला हायसं वाटायचं.

पण तुम्ही परत कुठली तरी नवी जागा शोधून काढायचात. पश्चिम मांबळम म्हणालात, तेव्हा मी म्हणाले, तिथे डास चावून पाय हत्तीसारखे होतात. हे खरंच होतं, सगळी मद्रास म्हणत होती, त्यामुळे त्या वेळी माझी अगदी जीत झाली. आदंबाक्कम म्हणालात, तर मी म्हणाले, नाव तरी धड घेता येतं का. चीनची लढाई आली तेव्हा मी म्हणाले, आता थांबा, लढाईत माणसं घरं टाकून पळतात, भाव धाडकन खाली येतील. कुठून ऐकलं होतं कुणास ठाऊक. तुम्ही पेपर बाजूला ठेवून माझ्याकडे बघितलंत. "तुला खरंच वाटतं?" विचारलंत. मी म्हणाले, "सगळेच म्हणतायत." तुम्ही थांबलात. लढाई संपली. भाव खाली आले नाहीत, वर गेले. तुम्ही एका शब्दानं मला त्याची आठवण करून दिली नाहीत.

सुंदरमची वास्तुशांत आठवते? तुम्ही भल्या पहाटेच गेला होतात, पाटपाणी, केळीचे खांब, सगळं तुम्हीच केलंत. मी दुपारी पोचले. जेवणं झाली आणि तुम्ही दिसेनात. शोधलं तर तुम्ही बाहेर तिण्णैवर आडवे होऊन गाढ झोपलेले. तोंड उघडं. माशी बसत होती तरी कळत नव्हतं. अशी झोप आपल्या पोर्शनमध्ये तुम्हाला कधी लागलेली मी पाहिली नव्हती. तिथे तुम्ही कायम एक कान नळाकडे ठेवून झोपायचात. आणि मी काय केलं? तुम्हाला हलवलं. "उठा, लोकांच्या घरी असं पसरू नये." तुम्ही डोळे चोळत उठून बसलात. म्हणालात, "मग कुठे पसरू?" मी म्हणाले, "चला, गाडीची वेळ झाली." झोपू दिलं असतं अजून तासभर तर काय आभाळ कोसळणार होतं? गाड्या काय, रात्री उशिरापर्यंत होत्याच.

आता ते सांगते.

तुमच्या छातीचं दुखणं वाढत गेलं, तुम्ही रिटायर झालात त्याच वर्षी. शेवटी शेवटी कूस बदलायलाही मला हात लावावा लागायचा. त्या दिवशी सकाळी डॉक्टर आले, नाडी बघितली आणि मला दाराबाहेर बोलावून म्हणाले, "आता हलवू नका. आज, फार तर उद्या. घरात आहेत, जवळ बसा." ते गेले. आणि मी पहिलं काय केलं? तुमच्याजवळ आले नाही. फळीवरची दोन्ही पंचांगं काढली.

रेवती नक्षत्र होतं. धनिष्ठेपासून रेवतीपर्यंतच्या नक्षत्रांवर घरात माणूस गेला तर ती जागा काही महिने बंद ठेवायची, तिथे दिवा नाही की वावर नाही, घरात मंगलकार्य नाही. आपल्याकडे हे मानतात, पण इथे फार कडक पाळतात. आपल्या पुण्याच्या पंचांगात रेवती दुपारीच संपत होती. इथल्या पंचांगात ती रात्रीपर्यंत होती. दोघांचं गणित वेगळं, फरक पडायचाच. त्याच फरकावर तर मी आजपर्यंत सगळं निभावून नेलं होतं.

पुस्तकं मिटतेय तोच पंकजम मामी दारात. त्यांनीही आपलं पंचांग बघितलेलं. डोळे रडून लाल. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न तै महिन्यात ठरलेलं, याच घरात मांडव घालायचा होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"मामी," त्या मला म्हणाल्या, आम्ही दोघी एकमेकींना मामीच म्हणायचो, "मी तोंडानं कसं बोलू? राव मला भावासारखे. पण माझी मुलगी..." आणि त्यांनी हात जोडले.

मला बोलता आलं असतं. "आमच्या पंचांगात दुपारी संपतेय, दुपारपर्यंत धीर धरा," एवढंच म्हणायचं होतं. मामी वाईट बाई नव्हेत. कदाचित थांबल्याही असत्या. शब्द जिभेवर आलेले होते. पण त्याच वेळी माझ्या मनात काय आलं, ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझ्या मनात आलं, उद्यापासून मला एकटीला इथे राहायचंय. मामींच्या मनात किंतु राहिला, लग्नात काही विघ्न आलं, तर त्या मला जा म्हणतील. एकट्या विधवेला या गावात नवीन पोर्शन कोण देणार? आणि आता भाडी काय झालीयत. अहो, तुमचा श्वास चालू होता, मला ऐकू येत होता, आणि मी तुमच्या मागे माझ्या खोल्यांची सोय बघत होते.

"टॅक्सी बोलवा," मी म्हणाले. मामींनी पुरतं मागितलंही नव्हतं.

तुम्हाला पांघरूण गुंडाळायला लागले तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. "कुठं?" विचारलंत.

"इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, एक इंजेक्शन द्यायचं राहिलंय."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग विचारलंत, "आज नक्षत्र कुठलं आहे?"

रागानं नाही. टोमणाही नाही. रविवारी सकाळी कॉफी पिता पिता विचारायचात तसंच. मी तुमच्या पायांत चपला अडकवत होते, चालता येत नसलेल्या माणसाच्या पायांत. मी म्हणाले, "गप्प पडा." तुमच्याशी हे माझं शेवटचं बोलणं. पुढे टॅक्सीत आणि इस्पितळात मी खूप काय काय बोलले, पण तोवर तुम्ही शुद्धीत नव्हतात.

खोल्या भरलेल्या होत्या म्हणून तुमची खाट व्हरांड्यात लावली. येणारेजाणारे वाकून बघत होते, कोणाच्या तरी जेवणाचा डबा खाटेखाली ठेवलेला होता. मी तुमचा हात धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. दुपार उलटली. आपल्या पंचांगाप्रमाणे रेवती सरली. तुम्ही अजून होतात. ऊन कलल्यावर गेलात. म्हणजे मी नुसतं एक वाक्य बोलले असते, तर तुम्ही तुमच्या अंथरुणावर गेला असतात आणि मामींना माझ्या पुस्तकातलं पान दाखवता आलं असतं. त्यांनी मानलं असतं की नाही, देव जाणे. पण मी विचारलंच नाही.

इस्पितळातून तुम्हाला परस्पर कृष्णांपेटच्या स्मशानात नेलं. घरासमोर दोन मिनिटं थांबवायचं का, अग्नी द्यायला आलेल्या तुमच्या पुतण्यानं विचारलं. मीच नको म्हणाले. दिवसांच्या वेळी वाध्यार म्हणाले, एक कुंड नदीकाठी करायचं आणि एक घराच्या दाराशी खणायचं. गेलेला जीव दहा दिवस तहानेनं आपल्या दाराशी येतो, तिथे त्याला पाणी द्यायचं. पुतण्या माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी म्हणाले, "दोन्ही तिकडेच करा, काठावर." वाध्यारांनी मान डोलावली. भाड्याच्या घरांत राहणाऱ्यांचं त्यांना रोजचंच असणार. पण दहा दिवस मी इथे मागच्या दारापाशी तांब्या भरून ठेवत होते, मामींच्या नकळत. तुम्ही आलात का, ते मला माहीत नाही. तुम्हाला यावंसं वाटावं, असं मी काही ठेवलं नव्हतं.

तेराव्याला सुंदरम आला. बायको, मुलगा, सगळे. जेवण झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला, डोळे भरलेले. "मन्नी, एक रुखरुख लागून राहिलीय," म्हणाला. "माझ्या शेजारचं ग्राउंड रावांनी घ्यावं म्हणून किती मागे लागलो. दर वेळी म्हणायचे, सुंदरम, तुझी मन्नी कधीची तयार आहे रे, माझ्यातच हिंमत नाही. मी भित्रा माणूस."

माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. ते तसंच धरून मी उभी राहिले. म्हणजे इतकी वर्षं ऑफिसात, सुंदरमच्या घरी, सगळीकडे तुम्ही स्वतःला भित्रा म्हणवून घेतलंत. माझं नाव राखलंत. मी आत पंचांगं उलटत होते आणि तुम्ही बाहेर माझ्यासाठी मान खाली घालत होतात. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता याला सांगावं, अरे, ते भित्रे नव्हते, मीच नको म्हणत होते. तोंड उघडलं. आणि म्हणाले, "ताक घेणार का?" तो घेतो म्हणाला. मी वाढलं.

वत्सू मला बंगळूरला चल म्हणतेय. चांगला जीव लावते पोरगी. जावई पण म्हणाले. मी म्हटलं, बघू, वर्षश्राद्ध होऊ दे. तुम्ही ऐकलं असतंत तर नक्की ओठांतल्या ओठांत हसला असतात.

आणि काल पंकजम मामी आल्या. लग्नाचं कुंकू-अक्षता मला द्यायला नाही, ते मला आता चालत नाही. नुसत्याच बसायला आल्या. मांडवाचं सामान अंगणात येऊन पडलंय. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मामी, तुम्ही माझ्या मुलीचं लग्न वाचवलंत. मी विसरणार नाही. हे पोर्शन तुमचंच समजा. असाल तोवर राहा, मी भाडं वाढवणार नाही, कोणाला वाढवू देणार नाही. कुठे जायचा विचार करू नका."

बाहेर देवळाची घंटा वाजत होती, भाजीवाली हाक देत होती. आणि अहो, मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. पाय पसरून बसावं, इतकं. चला, सोडायला नको इथलं काही, असं मनात आलं. तुम्ही आठवलात ते त्याच्यानंतर.